राईड लीडरांनो, यादीतली ती शेवटची ओळ खोडा

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून रविवारी गाड्या काढणाऱ्या सगळ्या रायडिंग ग्रुपच्या राईड लीडर, मार्शल आणि अ‍ॅडमिन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की रविवारी मी शटर पहाटेच वर करतो. सहाच्या सुमाराला तुमच्यातल्या कुणाची चेन सैल झालेली असते, कुणाचा ब्रेक ओरडत असतो, आणि यवतेश्वर घाट चढून कासला पोचायची घाई सगळ्यांनाच असते. मागच्या महिन्यात असाच एक मुलगा आला. नवी गाडी, पहिलीच लांबची राईड. मोबाइल पुढे करून म्हणाला, ‘‘काका, यातलं एवढं एकच राहिलंय, बसवून द्या.’’ स्क्रीनवर त्याच्या ग्रुपची यादी होती. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, जॅकेट, नी-गार्ड, घोट्यावरचे बूट, रेनकोट, पंक्चर किट. आणि शेवटची ओळ: थ्रॉटल असिस्ट, घेतल्यास उत्तम. म्हणजे एक्सलेटरच्या मुठीवर बसवायची प्लॅस्टिकची पट्टी.

यादीतल्या पहिल्या पाच वस्तू माणूस पडला तर त्याला कमी लागावं म्हणून आहेत. शेवटची वस्तू माणसाला पाडू शकते. ती तुम्ही त्याच यादीत, त्याच टायपात लिहिलीत. त्या मुलाला वाटलं, हेसुद्धा हेल्मेटसारखंच काहीतरी असणार. मी नाही बसवलं. तो जरा खट्टू होऊन गेला. पुढच्या दुकानात त्याने बसवून घेतलं असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. म्हणून हे पत्र.

मी सातारा बायपासजवळ सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय. आणि आधी कबूल करतो: ही पट्टी मी स्वतः विकलेली आहे. पुण्याला नाना पेठेत स्पेअर आणायला गेलो की डझनाचं पाकीट उचलायचो, काउंटरवर लटकवायचो, दीडशेला द्यायचो. बसवायला दोन मिनिटं लागायची, पान्यालाही हात लावावा लागायचा नाही. इतका सोपा धंदा गॅरेजमध्ये दुसरा नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक्सलेटरच्या मुठीवर अडकवायची प्लॅस्टिकची कडी, तिला मागच्या बाजूला तीन-चार बोटं रुंद जीभ. तळव्याचा मनगटाकडचा भाग त्या जिभेवर टेकवायचा. बोटांनी मूठ आवळून धरायची गरज राहत नाही, नुसतं तळव्याचं वजन टाकलं की रेस मिळते. कुणी तिला पाम रेस्ट म्हणतं, कुणी रिस्ट असिस्ट. आम्ही पट्टी म्हणतो. दुसरा प्रकार थ्रॉटल लॉक. त्यात मूठ घर्षणाने जागच्या जागी धरून ठेवली जाते, म्हणजे हात काढला तरी रेस तशीच राहते. त्याच्याकडे नंतर येतो.

आता मुठीच्या आत काय असतं ते बघा. मूठ पिळली की केबल ओढली जाते, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीतली झडप उघडते. मूठ सोडली की स्प्रिंग ती झडप बंद करते. बऱ्याच मोठ्या गाड्यांना दुसरी केबलही असते, ती मूठ परत फिरवताना झडप ओढून बंद करते. स्प्रिंग एखाद्या दिवशी आळसावली तर हातानेही रेस तोडता यावी म्हणून. नव्या राईड-बाय-वायर गाड्यांत केबल नाही, सेन्सर आहे, पण मुठीला मागे आणणारी स्प्रिंग त्यातही आहे. अमेरिकेत मोटरसायकलच्या कंट्रोल्ससाठी १२३ क्रमांकाचं एक मानक आहे. हात सुटताच मूठ आपोआप आयडलला, म्हणजे कमीत कमी रेसला आली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१८-१९ मध्ये सक्तीचं झालं. ही स्प्रिंग त्याच्या कितीतरी आधीपासून, तुमच्या आजोबांच्या गाडीतही, तेच काम करत होती: माणूस घाबरला, घसरला, हात सुटला, तर इंजिनाने शांत व्हायचं. पट्टी लावली की या स्प्रिंगच्या विरुद्ध तुमच्या हाताचं वजन कायमचं उभं केलं जातं.

‘‘पण काका, हात उचलला की सुटतेच की मूठ!’’ हे मला प्रत्येक जण सांगतो. बरोबर आहे, उचलला की सुटते. आता ब्रेक मारताना तुमचा हात उचलला जातो का, एवढंच आठवून सांगा.

पुढचा ब्रेक मारताना चार बोटं लिव्हरवर जातात, तळवा मुठीवरच राहतो. गाडी थांबायला लागते, अंग पुढे जातं. ते अंग कोण धरतं? मांड्यांनी टाकी आवळायची सवय असेल तर मांड्या. बहुतेकांना ती नसते, त्यामुळे सगळं वजन दोन्ही तळव्यांवर येतं. डाव्या तळव्याखाली साधी मूठ असते, तिला काही फरक पडत नाही. उजव्या तळव्याखाली पट्टी असते. म्हणजे जितका जोरात ब्रेक, तितकं जास्त वजन पट्टीवर, आणि तितकी जास्त रेस. एकाच हाताची बोटं गाडी थांबवतायत आणि त्याच हाताचा तळवा तिला पुढे ढकलतोय.

यातली खरी मेख पट्टीच्या कोनात आहे आणि ती विकणारा कुणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो, कारण मला तेव्हा कळलीच नव्हती. मूठ बंद करताना तिची मागची बाजू वर येते, रेस देताना खाली जाते. हायवेवर ऐंशीच्या स्पीडला मनगट सरळ राहावं, पट्टी आडवी राहावी, असा कोन धरून बसवली की प्रवास मस्त होतो. पण मग मूठ पूर्ण बंद केल्यावर तीच जीभ वर उठून थेट तळव्यात घुसते. म्हणजे ज्या क्षणी रेस शून्य हवी, त्या क्षणी पट्टी हाताला सगळ्यांत जास्त भिडलेली असते. उलट, मूठ बंद असताना पट्टी आडवी ठेवली तर ती बऱ्यापैकी निरुपद्रवी राहते. मात्र हायवेवर ती इतकी खाली जाते की आराम काही मिळत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणतं, ‘‘जरा वर करून द्या.’’ जितकी आरामाची, तितकी वाईट. मधला असा कोन मला वर्षभर विकूनही सापडला नाही.

माझ्या स्वतःच्या दीडशे सीसीच्या गाडीलाही होती. पाने फिरवून फिरवून उजवं मनगट दुखायचं, रात्री बोटांना मुंग्या यायच्या. भर पावसात कोरेगावकडे निघालो होतो, एका गिऱ्हाइकाची बंद पडलेली गाडी बघायला. एका गावाच्या तोंडाशी नवा स्पीडब्रेकर झालेला, पांढरे पट्टे मारलेले नव्हते, वरून पाणी. उशिरा दिसला. दोन्ही ब्रेक धरले. पुढचं चाक चढलं, अंग पुढे आदळलं, तळवा पट्टीवर. इंजिन भुंकलं. गाडीने हिसका दिला तसं अंग मागे गेलं आणि मूठ धरलेलीच असल्याने ती आणखी पिळली गेली. याला तुमच्यातले शिकलेले रायडर ‘व्हिस्की थ्रॉटल’ म्हणतात. गाडी मागे टाकते म्हणून माणूस मूठ घट्ट धरतो, आणि घट्ट धरतो म्हणून गाडी आणखी पळते. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. मी उजव्या बाजूला, गाडी माझ्या पायावर, आणि मागचं चाक हवेत गरागरा. किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं लाल बटण, अंगठ्यापासून दोन इंचांवर होता. सत्तावीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाला तो आठवला नाही. शेजारच्या टपरीवरच्या एका मावशींनी येऊन चावी फिरवली.

ज्या मनगटाला आराम म्हणून पट्टी लावली, तेच सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होतं. घरी अजून यावरून बोलणी खातो.

त्यानंतर मी बाकीच्यांच्या गाड्यांकडे नीट बघायला लागलो. गॅरेजच्या अंगणात एक पोरगं गाडी चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून वळवत होतं. हँडल पूर्ण डावीकडे. अशा वेळी उजवी मूठ लांब जाते, हात ताणला जातो, आणि तळवा पट्टीवर ओणवा होतो. गाडी उडी मारून सरळ माझ्या कॉम्प्रेसरवर. हसलो आम्ही तेव्हा. पण तोच प्रकार यवतेश्वरच्या एखाद्या वळणावर, एका बाजूला दरी असताना, ग्रुपला फोटो काढायला थांबवून यू-टर्न मारताना झाला असता तर? रेनकोटची बाही पट्टीत अडकलेली मी पाहिलीय. चहाच्या टपरीवर चालू गाडीवर बसवलेलं लहान मूल पट्टीवर हात टेकवताना पाहिलंय. नशिबाने न्यूट्रल होती. ओला ग्लोव्ह काढता काढता पट्टी फिरून वर आलेली, आणि मालकाला पुढच्या सिग्नलपर्यंत पत्ताच नाही.

आता लॉक. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण जास्त लिहायची गरज नाही. ज्या वस्तूचं कामच स्प्रिंगला हरवणं आहे, ती चांगली की वाईट यावर काय वाद घालायचा? ‘‘कंपनीच्या गाडीतही स्पीड एकसारखा धरून ठेवणारा क्रूझ कंट्रोल असतो की,’’ असं म्हणतात. असतो, आणि आता १२५ सीसीच्या गाडीतही आलाय. पण कंपनीच्या क्रूझला ब्रेकच्या लिव्हरची बातमी असते, क्लचची असते. कशालाही हात लागला की तो स्वतःहून सुटतो, मूठ उलटी फिरवली तरी सुटतो. तीनशे रुपयांच्या लॉकला ब्रेक म्हणजे काय हेच माहीत नाही. तुम्ही ब्रेक माराल तेव्हा तो रेस धरूनच बसेल. तुम्हाला आधी ब्रेकवर जाणारा हात मुठीवर आणून, मूठ जोर लावून बंद करून, मग पुन्हा ब्रेकवर न्यायचाय. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुम्ही ब्रीफिंगमध्ये पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणता, म्हणजे ४४ मीटर. त्यातला एक सेकंद लॉक खाणार असेल तर उरलं किती, ते तुम्हीच मोजा. आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर खंबाटकीच्या त्या एस वळणाला किती जणांनी लॉक सोडलेला असतो, हेही एकदा मागच्या मार्शलला विचारा.

स्कूटरवाल्या ताई-दादांसाठी एक वेगळी गोष्ट. मोटरसायकलला रेस अडकली तर डावा हात क्लच दाबून चाक मोकळं करू शकतो. इंजिन बोंबलेल, पण गाडी पळणार नाही. स्कूटरला क्लचचा लिव्हर नाही. रेस वाढली की चाकाला ताकद जातेच, आणि कित्येक जुन्या स्कूटरना किल स्विचही नाही. त्यावर पट्टी लावून डोंबिवलीच्या किंवा आमच्या राजवाड्याच्या गर्दीत डिलिव्हरी करणारी पोरं बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. सिग्नलला दर मिनिटाला थांबणाऱ्या गाडीवर या वस्तूचं काम तरी काय?

इतकं लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, काका एकदम बंदीच घाला म्हणतायत. तसं नाही. माझ्याकडे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर येतात. संधिवाताने बोटं वाकलीयत, मूठ आवळता येत नाही. त्यांच्या गाडीवर पट्टी आहे आणि ती मीच बसवून दिली, अपघातानंतर. मुठीच्या अगदी बाहेरच्या टोकाला, मूठ बंद असताना आडवी राहील एवढी खाली. वस्तीत शिरायच्या आधी ते हात दोन बोटं आत सरकवतात, पट्टी सोडूनच देतात. चाळीस वर्षं घाटात एसटी चालवलेला माणूस आहे, त्यांची शिस्त तशी आहे. तुमच्या पहिल्या राईडला आलेल्या पोराकडे ती नाही, आणि यादी तुम्ही त्या पोरासाठी करता.

मनगट दुखतं हे मात्र खोटं नाही, आणि ज्याचं दुखतं त्याला नुसतं ‘पट्टी काढ’ म्हणणं म्हणजे कोरडा उपदेश. म्हणून माझ्याकडे आलेल्याची पट्टी काढायच्या आधी मी गाडी बघतो. दहातल्या निम्म्या गाड्यांना एक्सलेटरची केबल कोरडी असते. आतली तार आवरणाला घासत असते आणि मूठ फिरवायला दुप्पट ताकद लागते. तेल सोडलं किंवा केबल बदलली की माणूस गाडी चालवून येतो आणि विचारतो, इंजिनात काय केलंत? काहींचं हँडल फार खाली फिरवलेलं असतं, किंवा ब्रेकचा लिव्हर इतका वर की बोटं टाकायला मनगट मोडावं लागतं. तो लिव्हर सैल करून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या रेषेत आणायला पाच मिनिटं लागतात, पैसे मी घेत नाही. मुठी झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर जाड रबरी मुठी टाका. जाड मूठ कमी आवळावी लागते. ग्लोव्ह घट्ट असतील तर बोटं तशीच बधिर होतात. मांड्यांनी टाकी धरायला शिका, म्हणजे हातांवर वजन येणार नाही. आणि दर तासा-दीड तासाला उतरा. तुम्ही थांबता, पण मिसळ खायला थांबता आणि तेव्हाही एका हाताने मोबाइल दाबत असता, तो हात सुटतो कुठे? एवढं करूनही अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर तो मनगटातल्या शिरेचा प्रकार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो, मिस्त्री नाही. मी स्वतः हे दोन वर्षं टाळलं.

एक गोष्ट मला खरंच कळत नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात विकायला बंदी आहे. फूटपाथवरची हेल्मेटं त्यानंतरही दिसतात ती गोष्ट वेगळी, पण निदान मार्क उलटा करून बघण्याची सवय लोकांना लागली. थेट एक्सलेटरवर बसणाऱ्या या पट्टीवर तर मी विकलेल्या एकाही पाकिटावर मार्क नव्हता, कोन कसा लावायचा हे नव्हतं, ‘शहरात वापरू नका’ एवढंही नव्हतं. छापलेलं काय होतं, तर उडणाऱ्या गरुडाचं चित्र. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. पेपरात ‘ताबा सुटल्याने’ एवढंच छापून येतं. माझाही ताबाच सुटला होता, कोरेगाव रस्त्यावर.

सरकार जेव्हा करेल तेव्हा करेल. तुमच्या ग्रुपची यादी मात्र तुम्ही आज रात्री बदलू शकता. ती शेवटची ओळ खोडा. त्या जागी हवं तर ‘एक्सलेटरची केबल तपासून घेणे’ असं लिहा. खर्च कमी आहे. राईडच्या आधी तुम्ही टायरची हवा बघता, लाइट बघता. त्यातच प्रत्येकाला इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळून सोडायला सांगा. ‘टक’ असा आवाज येऊन ती मागे आली पाहिजे, रेंगाळत नाही. मग इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये, हँडल डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत फिरवायला सांगा. रेस वाढली तर केबल कुठेतरी ताणली जातेय, ती गाडी त्या दिवशी घाटात न्यायची नाही. केबलच्या गाडीला मुठीला सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरचा मोकळा प्ले असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, जे सीटखाली प्लॅस्टिकमध्येच असतं, उघडलेलं नसतं.

रांगेत चालताना लॉक लावलेली गाडी मधे घेऊ नका. यात मैत्री आणू नका. तो एकटा कुठे लावून फिरत असेल तर त्याचा प्रश्न, तुमच्या रांगेत त्याच्या पुढे दुसऱ्याची बायको मागे बसलेली असते. पट्टीवाला कुणी ऐकतच नसेल तर निदान पाऊस, घाट आणि वस्ती या तिन्ही ठिकाणी ती काढायला लावा. निघते ती, दोन सेकंदांत, म्हणून तर विकली जाते. आणि एक सराव सगळ्यांकडून करून घ्या, मैदानात, डोळे मिटून: क्लच दाबायचा, उजव्या अंगठ्याने लाल बटण. वीस वेळा. मला जमलं नव्हतं, कारण मी ते बटण कधी घाबरून दाबलंच नव्हतं, नेहमी गाडी स्टँडवर लावताना दाबलं होतं.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदार भावांनाही हे पत्र पोचलं तर बरं. दीडशेतले सत्तर सुटतात, मला माहीत आहे.

तुमच्यातलं कुणीही रविवारी सकाळी बायपासवरून जात असेल तर थांबा. मूठ आणि केबल बघून देईन, पैसे नाहीत, चहा तुमचा. काउंटरखाली ऑइलच्या रिकाम्या डब्यात आत्तापर्यंत काढलेल्या पट्ट्या टाकतो, आज सकाळी मोजल्या तर एकोणीस होत्या. त्यातली एक कोपऱ्यात तुटलेली आहे, ती माझी.

आपला,
सातारा बायपासजवळचा एक गॅरेजवाला